वाळूवरचा तास

“सही करा, पाकीट घ्या, पुढं चला! गर्दी करू नका, पाकिटं सगळ्यांना आहेत!”

उदयचंद्र कास्टिंग्जच्या फाटकात टेबल टाकून पोतनीस बसले होते. पोतनीस म्हणजे कंपनीचे सेक्रेटरी. डाव्या हाताला गुलाबी कागदांचा गठ्ठा, उजव्या हाताला पाकिटांची टोपली. पाकिटात एक बुंदीचा लाडू, मूठभर चिवडा आणि एक केळं. समोरच्या रांगेत भट्टीपुढं जन्म काढलेली माणसं होती. काही निवृत्त, काही अजून कामावर, काही बायका नवऱ्याच्या मागं शेअर नावावर झालेल्या. सही व्हायची, पाकीट हातात पडायचं आणि माणूस सभेला न जाता घरची वाट धरायचा. उदयचंद्रची वार्षिक सभा अठरा वर्षं अशीच चालली होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मलाही वाटलं नसतं. मी आले होते ती आबांचा चष्मा द्यायला. तो ते आदल्या दिवशी माझ्या खोलीवर विसरले होते. मी पोचले तेव्हा आबा पाकीट घेऊन रांगेतून बाहेर पडत होते.

“आबा, सही केलीत?”

“केली की.”

“कशावर?”

“गुलाबी कागदावर.”

“त्याच्यावर काय लिहिलंय?”

“चष्मा न्हवता न्हवं,” आबा म्हणाले आणि जरा विचार करून पुढं म्हणाले, “आणि असता तरी समदं इंग्रजीतच हाय.”

ही १९९४ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी तेव्हा तीस वर्षांची होते आणि कोल्हापुरातल्या एका लॉ कॉलेजात कंपनी कायदा शिकवत होते. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली तर हरी हरी. आबा उदयचंद्रमध्ये साचे भरणारे कारागीर. आम्ही जातीचे ओतारी आणि आडनावही ओतारी, त्यामुळं आबांना दुसरा धंदा सुचणं शक्यच नव्हतं. पोरगी वकील झाली म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. पोरगी काळा कोट घालून कोर्टात जाणार नाही, शिकवणार, आणि शिकवणार काय तर कंपनीचा कायदा, हे कळल्यावर पेढे खाल्लेल्या माणसांना तोंड दाखवायची त्यांना चोरी झाली. “कंपनीला कसला आलाय कायदा? मालक म्हणंल त्यो कायदा,” असं ते मला तोंडावर म्हणायचे.

आणि खरं सांगायचं तर मी शिकवतही वाईट होते. कायदा मला कलमासकट, पोटकलमासकट पाठ होता. पण मी फळ्यापुढं उभी राहिले की दहाव्या मिनिटाला अर्धा वर्ग पेंगायचा. कायम नेमणुकीसाठी मी दोनदा मुलाखत दिली होती. दोन्ही वेळा समितीसमोर वीस मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा होता, आणि दुसऱ्या वेळी तर समितीतले एक गृहस्थ चक्क घोरले. नंतर प्राचार्य हर्डीकरांनी मला बाजूला घेतलं. “ओतारी बाई, तुमच्यापाशी विहीर आहे हो, पण पोहरा नाही.” मी हसले आणि घरी जाऊन रडले.

तिसरी मुलाखत पुढच्या गुरुवारी होती. ती शेवटची, कारण त्यानंतर ती जागाच भरली जाणार होती. समितीत यंदा संस्थेचे नवे उपाध्यक्ष बसणार होते, रणधीर इंगवले. उदयचंद्र कास्टिंग्जचे अध्यक्षही तेच. कामगार त्यांना धाकटे मालक म्हणायचे. थोरले मालक, म्हणजे त्यांचे वडील, वारले होते. एका वर्षी बोनस द्यायला पैसा नव्हता तेव्हा थोरल्यांनी कामगारांना शेअर वाटले होते. शंभरातले अडतीस शेअर असे कामगारांकडं गेले आणि बासष्ट इंगवले घराण्यात राहिले. आबांच्या दृष्टीनं त्या शेअरांचा उपयोग एकच, वर्षातून एकदा लाडू.

मी आबांच्या खिशातली सभेची नोटीस काढून घेतली. पहिले पाच ठराव नेहमीचेच होते. सहावा मी दोनदा वाचला.

“आबा, कंपनी बंद करताहेत.”

“कोन?”

“मालक. स्वेच्छेनं गुंडाळायचा ठराव आहे. भट्टी मोडून जागा विकणार.”

आबा हसले. “काय तरीच. आगं, आमच्या सहीशिवाय कसं बंद करतील?”

“आबा, तुम्ही सही करून आलाय.”

त्या गुलाबी कागदाला कायद्यात प्रॉक्सी म्हणतात. ‘माझ्या वतीनं अमुक माणूस मत देईल’ असं लिहून देणं. आणि तो अमुक माणूस त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर एकच होता, रणधीर इंगवले. एरवी हिशेब मंजूर करायचे, लेखापरीक्षक नेमायचे, असल्या ठरावांना त्याचा उपयोग नव्हता, नुसता रिवाज होता. या वर्षी मात्र प्रत्येक लाडवागणिक एकेक माणूस आपलीच भट्टी विझवायला संमती देऊन जात होता. गेल्या काही वर्षांत कामगारांची संख्या शंभराच्या खाली का आणली गेली, तेही तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडल्यासारखं लख्ख झालं. शंभराच्या आत असले की बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही.

मी तडक पोतनिसांपुढं गेले.

“मला सभेत जायचंय.”

पोतनिसांनी यादीवरून बोट फिरवलं. सरळ माणूस होता तो. खोटं बोलत नसे, फक्त आपल्या कपाटातली कागदपत्रं वाचत नसे. “ओतारी मॅडम, तुम्ही भागधारक नाही. वडील आहेत. तुम्हाला सभेत सोडता येत नाही, माफ करा.”

आणि त्यांचं बरोबर होतं! मी हेच वर्गात शिकवत होते. सभा सभासदांची, बाहेरच्यांना तिथं जागा नाही. आबांची प्रॉक्सी होऊन जावं, तर प्रॉक्सीला सभेत तोंड उघडायचा अधिकार नसतो. माझा कायदा मलाच सभेबाहेर ठेवत होता.

आबांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. “सुमे, तू जा हितनं. गुरुवारी तुझी मुलाखत हाय न्हवं? धाकटे मालक समितीत हाईत म्हनलीस. तुझं नाव नगं यायला ह्यात. भट्टीचं काय, आमी बगतो.”

“काय बघाल?”

“इनंती करू मालकाला.”

मी गेले असते. हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही, तेव्हा वाटली. तीन वर्षं मी त्या एका जागेकडं डोळे लावून बसले होते. चष्मा दिला, काम झालं, आता रिक्षा करावी आणि खोलीवर जाऊन गुरुवारची तयारी करावी, असं मनात येऊन मी चार पावलं टाकलीसुद्धा. मग मागं वळून बघितलं. आबा पाकिटातलं केळं काढून हातात धरून उभे होते आणि ते खावं का नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मी परत फिरले.

फाटकाच्या आत, ओतशाळेच्या मागच्या बाजूला वापरलेल्या वाळूचा ढीग असतो. घरी न गेलेली मंडळी तिथं सावलीला बसून चिवडा खात होती. तीस-बत्तीस माणसं असतील. सभा अकराला. घड्याळात साडेदहा.

“मंडळी,” मी म्हणाले, “ऐका. कंपनी कायद्याच्या कलम एकशे एकोणनव्वद पोटकलम दोननुसार विशेष ठराव संमत होण्यासाठी, ठरावाच्या बाजूने पडलेल्या मतांची संख्या ही विरोधात पडलेल्या मतांच्या…”

एकानं जांभई दिली. दुसरा केळ्याची साल कुठं टाकावी ते शोधायला लागला.

“सुमे,” आबा म्हणाले, “तू कालेजात असंच शिकवतीस व्हय?”

“हो.”

“मग पोरं झोपनारच की गं.”

सगळे हसले. मला असा राग आला म्हणून सांगू! हर्डीकरांचा नाही, समितीचा नाही, रागच आला तो माझा मला. इथं भट्टी विझायला निघाली होती आणि मी कलमांचे आकडे म्हणत होते. मी खाली वाळूत फतकल मारून बसले आणि आबांच्या हातातलं पाकीट हिसकावून घेतलं.

“हे पाकीट कुणाचं?”

“माझं,” आबा म्हणाले.

“नाही. हे तुमचं मत. द्या, सगळ्यांनी द्या पाकिटं इकडं.”

मी वाळूत बोटानं एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडं एक पाकीट ठेवलं, पलीकडं तीन. “कंपनी बंद करायचा ठराव असा तसा होत नाही. इकडं, विरोधात, एक मत असेल तर तिकडं, बाजूनं, तीन लागतात. इकडं दोन असतील तर?”

“सा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तिकडं पाचच आहेत. मग?”

“मग बोंबला म्हनायचं त्यास्नी!”

“मालकाच्या घरात शंभरातले बासष्ट शेअर. आपले एकवीस जरी आत बसून ‘नाही’ म्हणाले, तर त्यांना लागतील त्रेसष्ट.”

 आबांनी हळूच विचारलं, “म्हंजे त्यास्नी एक कमी पडतोय?”

“एक कमी पडतोय!”

लोक सरकून जवळ आले. उभे होते ते बसले. माझ्या आयुष्यात माझ्याजवळ कुणी असं सरकून आलं नव्हतं.

“पर आमी तर सह्या दिल्या,” एक म्हातारा म्हणाला. “आता आमचं मत गेलं मालकाकडं.”

“तुम्ही स्वतः आत जाऊन बसलात की तुमचा गुलाबी कागद मेला. धनी हजर असताना मुखत्याराला कोण विचारतो?”

“आनि जे घरला गेले त्येंचं?”

हा खरा प्रश्न होता. घरी गेलेल्यांचे कागद पोतनिसांच्या गठ्ठ्यात होते. ते मालकाच्या बासष्टात मिळवले की आमचा सगळा हिशेब कोसळत होता. पण याचं उत्तर माझ्याकडं होतं. उदयचंद्रची नियमावली मी मुंबईला कंपनी निबंधकांकडं अर्ज करून मागवली होती आणि तीच वर्गात उदाहरण म्हणून शिकवत होते, कारण विद्यार्थ्यांना दाखवायला दुसऱ्या कुठल्या कंपनीची नियमावली माझ्याकडं नव्हती. तिचं बासष्टावं कलम झोपेतून उठवलं तरी मी म्हटलं असतं. प्रॉक्सीचा कागद सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी कंपनीत पोचला पाहिजे, नाहीतर तो बाद. पण ‘अठ्ठेचाळीस तास’, ‘बाद’ हे पुन्हा कलमच झालं असतं. मी आबांकडं वळले.

“आबा, नळीचं ओतकाम करताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात कोअर बसवता ना, वाळूचा?”

“व्हय.”

“तो वळला की लगेच बसवता?”

“छ्या! आधी भाजाय लागतोय. ओला कोअर बसवला आनि वरनं लोखंड ओतलं तर वाफ हुती, समदं काम फुटतंय. एखाद्याचा जीव जातोय.”

“भाजायला किती वेळ?”

“त्येला त्येचा टाइम द्यावाच लागतोय. कितीबी घाई असू दे.”

“हा गुलाबी कागद म्हणजे कोअर. त्याला अठ्ठेचाळीस तास लागतात. तुम्ही सह्या कधी केल्या?”

“आत्ता. सकाळी.”

“मग?”

 आबा मांडीवर थाप मारून इतक्या जोरात ओरडले की फाटकातले पोतनीससुद्धा वळले. “आयला, ओला हाय! समदा गठ्ठा ओला हाय!”

पुढची पंधरा मिनिटं मी शिकवत होते म्हणणं खोटं होईल. ते विचारत होते आणि मी उत्तरं देत त्यांच्यामागं पळत होते. आधी हात वर करून मत, मग शेअर मोजून मत, हा क्रम काय? कागदांची हरकत कधी घ्यायची, आधी का नंतर? “मोजून झाल्यावर घ्या,” मी म्हणाले. “आधी घेतलीत तर सभा पुढं ढकलतील आणि अठ्ठेचाळीस तास मिळवतील.” हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. त्या वाळूवर सुचलं.

आबांना सगळ्यांचे शेअर तोंडपाठ होते. नोकरीच्या वर्षांवर वाटले होते ना! त्यांनी माणसं बघून हिशेब केला. एकोणीस.

“दोन कमी,” मी म्हणाले.

“हौसाबाई,” आबा म्हणाले. “मुकादमाची बायको. त्यो गेल्यावर त्येचे तीन शेअर तिच्या नावावर झाल्यात. कुठं गेली ती?”

हौसाबाई पाकीट घेऊन बसथांब्याकडं गेली होती. आबा, वय वर्षं अठ्ठावन्न, चपला हातात घेऊन तिच्यामागं धावले. अकराला चार मिनिटं कमी असताना दोघं परत आले. हौसाबाई दम खात म्हणाली, “ह्यांनी तीस वरीस त्या भट्टीपुढं घाम गाळला, आनि मी एका लाडवाला इकली व्हय? कुठं बसायचं सांग.”

सगळे कँटीनच्या हॉलमध्ये शिरले. मी बाहेर खिडकीच्या गजांशी उभी राहिले. कायद्यानं मला तेवढीच जागा दिली होती.

धाकटे मालक व्यासपीठावर होते. पांढरा सफारी, वय चाळिशीतलं, बोलणं गोड. समोर एरवी दहा-बारा डोकी असायची, आज तिसांवर माणसं बघून त्यांनी कौतुकानं मान हलवली. पहिले पाच ठराव भराभर झाले. प्रत्येक ठरावाला पुढं बसलेली इंगवले घराण्यातली मंडळी “मंजूर, मंजूर” म्हणायची. सहावा इंग्रजीत वाचला गेला आणि वाचणाऱ्यानं श्वास घ्यायच्या आत पुढची रांग म्हणाली, “मंजूर, मंजूर!”

आबा उठले.  या माणसानं मालकापुढं तीस वर्षांत ‘व्हय जी’ सोडून दुसरा शब्द काढला नव्हता.

“अध्यक्षसाहेब,” आबा म्हणाले. मी गज घट्ट धरले. “न्हाई मंजूर. हात मोजा.”

हात मोजले. बाजूनं आठ, विरोधात एकतीस. धाकटे मालक हसले. समजूतदार हसू होतं ते. “हातांनी असे ठराव ठरत नाहीत, ओतारी. शेअर मोजू या. पोतनीस, घ्या मतपत्रिका, आणि प्रॉक्सी आणा.”

मोजायला बराच वेळ लागला. पोतनिसांनी आकडे वाचले. “विरोधात, शंभरी बावीस. बाजूनं, स्वतःचे बासष्ट आणि प्रॉक्सी सोळा, मिळून अठ्ठ्याहत्तर. तीनपटीपेक्षा जास्त आहेत. ठराव…”

“थांबा,” आबा म्हणाले.  “पोतनीस साहेब, कंपनीची नियमावली हाय का तुमच्यापाशी?”

“आहे.”

“त्यातलं बासष्ट नंबरचं कलम वाचा. मोठ्यांदा. मराठीत.”

पोतनिसांनी पुस्तिका उघडली. मनातल्या मनात वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.  मग त्यांनी ते कलम मोठ्यांदा वाचलं, शब्द न गाळता. त्याबद्दल त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

“पर कागद तर आज सकाळी फाटकात घेतले,” हौसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “लाडवाबरबर.”

धाकटे मालक ताडकन उभे राहिले. “अठरा वर्षं असंच चाललंय!”

“अठरा वरसं चुकलंय, मालक,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. उलट भट्टीवर नव्या माणसाला समजावतात तसे ते म्हणाले, “तुमी ल्हानपनी सुट्टीत भट्टीवर येत हुता. थोरल्यांनी तुमास्नी माझ्या हाताखाली दिलं हुतं. म्या काय शिकवलं हुतं? कोअर ओला आसंल तर ओतायचं न्हाई. हा गठ्ठा ओला हाय.”

धाकट्या मालकांनी पोतनिसांकडं बघितलं. पोतनीस हळू म्हणाले, “साहेब, सोळा बाद होतात. बासष्टला बावीस, पाहिजेत सहासष्ट. कोर्टात टिकणार नाही.”

“म्हणजे?”

“ठराव… नामंजूर.”

जो गलका झाला! कुणी टेबलं बडवली, कुणी शिट्ट्या मारल्या, हौसाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरातून चिवडा काढून शेजारणीच्या तोंडात कोंबला. मी खिडकीबाहेर उड्या मारत होते. तीस वर्षांची कायद्याची अध्यापिका, साडी खोचून, फाऊंड्रीच्या आवारात एकटीच उड्या मारत होते, आणि नेमकं तेव्हा धाकट्या मालकांनी विचारलं.

“ओतारी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

आबांनी वळून थेट खिडकीकडं बोट केलं. “त्या मॅडमनी. आत्ताच. तास झाला आमचा, वाळूवर.”

आबांनी मला मॅडम म्हटलं! उड्या थांबल्या. धाकटे मालक माझ्याकडं बघत होते, आणि मला एकाच वेळी रडायला येत होतं, हसायला येत होतं आणि गुरुवार आठवत होता. बाहेर येताना ते माझ्यापाशी थांबले.

“गुरुवारी मुलाखत आहे ना तुमची?”

“हो.”

“या,” ते म्हणाले आणि गाडीत बसले.

त्या एका शब्दानं माझी सहा दिवसांची झोप उडवली. गेली जागा, असं मी धरूनच चालले. पण एक गंमत झाली. जागा गेलीच आहे म्हटल्यावर भीतीही गेली. शनिवारी वर्गात मी पुस्तक न उघडता, मुलांच्या डब्यांची झाकणं मागून घेऊन बहुमत शिकवलं. तास संपला तरी पोरं उठेनात. तो माझ्या नोकरीतला पहिला खरा तास, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं मी जे काही शिकवलं, विभागप्रमुख झाले, माझे विद्यार्थी मोठमोठ्या कंपन्यांत सेक्रेटरी झाले, न्यायाधीश झाले, ते सगळं त्या वाळूच्या ढिगावर सुरू झालं. भट्टीचं म्हणाल तर धाकट्या मालकांनी पुढं वर्षभरानं आपला हिस्सा सांगलीच्या एका पंपवाल्यांना विकला आणि उदयचंद्र आणखी चौदा वर्षं चालली. आबा तिथूनच निवृत्त झाले.

पण हे सगळं पुढचं. गुरुवारी मी मुलाखतीला गेले तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. टेबलापलीकडं पाच जण. मध्ये विद्यापीठाचे तज्ज्ञ, एका कडेला प्राचार्य हर्डीकर, दुसऱ्या कडेला रणधीर इंगवले. तज्ज्ञांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. इंगवले नुसते पेन फिरवत बसले होते.

“ठीक,” तज्ज्ञ म्हणाले. “आता वीस मिनिटं तास घेऊन दाखवा. विषय कुठलाही.”

मी खडू उचलला.

“त्याची गरज नाही,” इंगवले म्हणाले.

माझा हात तसाच थांबला. हर्डीकरांनी खाली बघितलं. दोनदा नापास झालेली बाई तिसऱ्यांदा कशी होते, हे त्यांना बघवत नसावं.

“नियम आहे साहेब,” तज्ज्ञ म्हणाले. “शिकवता येतं का ते बघायला लागतं.”

“मी बघितलंय. गेल्या शुक्रवारी. या बाईंनी माझ्या अडाणी माणसांना अर्ध्या तासात कंपनी कायदा शिकवला, आणि त्यांनी माझा ठराव माझ्या हातातून काढून घेतला.” इंगवल्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. चेहऱ्यावर राग होता, नाही असं नाही. पण राग गिळून ते हसले, आणि त्या घडीला ते आबांच्या हाताखाली शिकलेले वाटले. “हिला आत घ्या, प्राचार्य. वर्गात असलेली परवडली. बाहेर राहिली तर प्रत्येक कंपनीच्या फाटकात जाऊन तास घेईल.”

टेबलाभोवती हशा पिकला. हर्डीकरांनी नेमणुकीचा कागद पुढं सरकवला, आणि त्यावर सगळ्यांत पहिली सही रणधीर इंगवल्यांनी केली. आधी पूर्ण वाचून.